दोन जुन्या साड्यांची गोधडी: कमी खर्चात सुरुवात कशी करावी

गोधडी शिवायला शिकायचे असे मनात आले की माणूस आधी दुकानात जातो आणि बहुधा तिथेच चुकतो. हल्ली चौकोन आखलेली कापण्याची चटई, फिरत्या पात्याची कातर, कापड ताणून धरणारे लाकडी कडे, एकसारख्या कापलेल्या छापील तुकड्यांचे संच असा सगळा सरंजाम विकत मिळतो, आणि तो एकदम घेतला तर पहिला टाका पडण्याआधीच काही हजार रुपये खर्च झालेले असतात. पुणे-नाशिककडे जिला गोधडी, सातारा-कोल्हापूरकडे वाकळ आणि सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात कौदी म्हणतात, ती यांपैकी कशाच्याही मदतीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या शिवली गेली आहे. लागते ते इतकेच: जुने सुती कापड, सुई, दोरा, कातर, आणि अंथरायला स्वच्छ फरशी.

मात्र कापड फुकट मिळाले म्हणून गोधडी फुकट झाली असे नव्हे. एका माणसाच्या अंगभर होईल अशी, म्हणजे सुमारे 58 इंच रुंद आणि 84 इंच लांब गोधडी घेतली आणि तिच्यावर एकेक इंचावर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर त्या सगळ्या ओळींची लांबी जवळजवळ 124 मीटर भरते. माझा हात तासाला दोन-अडीच मीटर चालतो. नवशिक्याचा त्याहून कमी चालेल. रोज एक तास बसले तरी दोन महिने जाणार. त्यामुळे खर्चाचा हिशेब करताना रुपयांपेक्षा हे तास आधी धरावेत, आणि ज्या कापडावर ते घालवायचे त्याची निवड करताना अजिबात भीड बाळगू नये.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे. माझ्या पहिल्या गोधडीच्या वरच्या थराला मी एक मोरपंखी सुती साडी घेतली होती, कारण तिचा रंग मला सोडवत नव्हता. साडी विरली आहे हे दिसत होते, पण एवढ्या टाक्यांनी ती धरली जाईल असे वाटले. घडले उलटेच. दुसऱ्याच धुण्यात कापड टाक्यांच्या ओळींवरच फाटत गेले, कारण दोरा कापडापेक्षा मजबूत होता आणि पाण्याने जड झालेल्या गोधडीचा सगळा ताण त्या ओळींवर आला. त्या वेळी आत्याने शिकवलेली परीक्षा मी अजून करते. कापड खिडकीसमोर धरून पाहावे. कुठे जाळीसारखा उजेड दिसला तर तो भाग वर किंवा खाली वापरू नये, फार तर मधल्या थरात घालावा. मग दोन्ही हातांच्या चिमटीत, मध्ये चार बोटांचे अंतर ठेवून कापड झटका देऊन ओढावे, आधी उभ्या धाग्याच्या दिशेने आणि मग आडव्या. ‘चर्र’ असा आवाज आला तर ते कापड फडक्यासाठी ठेवावे. साडी ज्या घडीवर वर्षानुवर्षे कपाटात पडलेली असते, तिथे आणि निऱ्यांच्या खालच्या कडेला ही परीक्षा मुद्दाम करावी. एरवी धड दिसणारी साडी याच जागी दगा देते.

सर्वांत उत्तम कापड म्हणजे अनेक धुण्यांनी मऊ झालेली सुती साडी, नऊवारी लुगडे, धोतर किंवा मलमलीची ओढणी. जुन्या सुती चादरी चालतात, पण त्यांची वीण घट्ट असेल तर सुई तीन थरांतून जाताना बोटे दुखून येतात. सोलापुरी चादर मधल्या थरात घालण्याचा मोह बहुतेकांना होतो. तो टाळावा, कारण ती आधीच जाड असते आणि हातशिलाईची सुई तिच्यातून सरळ उतरत नाही. बनियन आणि टी-शर्टांचे कापड ताणले जाते, जीन्सचे जड होते, आणि जॉर्जेटसारखी कृत्रिम धाग्याची साडी घसरते व घाम शोषत नाही. साडी सुती आहे की मिसळीची हे कळत नसेल तर कडेचे दोन-तीन धागे काढून, चिमट्यात धरून, ताटलीवर पेटवून पाहावेत: सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी बनतो.

घरात पुरेसे कापड नसेल तर बोहारणीकडे कपडे जाण्याआधी शेजारी-नातेवाइकांना विचारून ठेवावे. सुती साड्यांना हल्ली भांडीही फारशी मिळत नाहीत, त्यामुळे लोक आनंदाने देतात. शिंप्याकडच्या कातरणीत ब्लाउजच्या कापडाचे चांगले तुकडे सापडतात, मात्र अस्तर आणि मिसळीचे कापड वेगळे काढावे लागते. काहीच मिळाले नाही तर खालच्या थरासाठी मांजरपाट विकत घ्यावा. तो स्वस्त असतो, पण त्यात खळ असते आणि तो पहिल्या धुण्यात आटतो. म्हणून रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापावा. जुन्या आणि नव्या कापडाची जोडणी करताना हे विसरले तर पुढे गोधडी जागोजागी गोळा होते.

रंगाचीही परीक्षा आधीच करावी. ओले पांढरे फडके गडद कापडावर जोराने घासून पाहावे. लाल, जांभळा आणि काळा हे रंग बहुधा फडक्यावर उतरतात. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो असे सर्रास सांगितले जाते, पण त्यावर विसंबू नये. पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड धूत राहावे, आणि तरीही रंग जात असेल तर ते पांढऱ्या कापडाशेजारी न घालणे बरे.

दोन साड्यांचा हिशेब

साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे 216 इंच लांब असते आणि तिचा पन्हा 45 इंचांच्या आसपास असतो. प्रत्येक साडीची लांबी आणि पन्हा थोडा वेगळा असल्यामुळे कातर लावण्याआधी टेपने मोजून घ्यावे, आणि आतून लावलेला फॉल उसवून काढावा.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे काहीच न कापणे. एका साडीच्या लांबीत तीन घड्या घातल्या की 72 इंच लांब आणि 45 इंच रुंद असा तीनपदरी तुकडा तयार होतो. कडा दुमडून त्यावर ओळी घातल्या की मुलांना किंवा दुपारच्या वामकुक्षीला पुरेल असे पांघरूण होते.

अंगभर गोधडीसाठी दोन साड्या घ्याव्यात. प्रत्येकीतून 86 इंच लांबीचे दोन पट्टे कापावेत, म्हणजे एकूण चार पट्टे मिळतात. त्यांपैकी तीन अखंड ठेवावेत आणि चौथा लांबीच्या दिशेने उभा चिरून 15 इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कराव्यात. प्रत्येक अखंड पट्ट्याला एक अरुंद पट्टी जोडली की शिवणीत जाणारा एक इंच वजा होऊन 59 इंच रुंदीचे तीन थर तयार होतात: वरचा, मधला आणि खालचा. हे जोड घरच्या किंवा शेजारच्या शिलाई मशीनवर टीप मारून घेतले तर वेळ वाचतो. थर एकमेकांवर ठेवताना निदान मधल्या थराचा जोड विरुद्ध बाजूला येऊ द्यावा, म्हणजे एकाच ठिकाणी जाडी साचत नाही आणि तिथे सुई अडत नाही.

काठ जरीचे किंवा कडक असतील तर ते आधी कापून बाजूला ठेवावेत. मग रुंदी साडेचार फुटांच्या आत येते, पण गोधडीच्या चारही कडांना लावायचा गोट या काठांतूनच निघतो आणि तो विकतच्या पट्टीपेक्षा दिसतो सुंदर व टिकतोही जास्त. गोटासाठी सुमारे 284 इंच पट्टी लागते. म्हणजे 86 इंचांचे चार काठ पुरतात आणि कोपऱ्यांसाठी थोडे उरतेही.

आता उरले काय, तर प्रत्येक साडीचा सुमारे 44 इंचांचा एकेक चौरस. हे दोन चौरस फडक्यात टाकू नयेत. दोन थरांचे दुपटे त्यातूनच होते, आणि माझा आग्रह असा की शिकणाऱ्याने गोधडीला हात लावण्याआधी हे दुपटेच शिवावे. दोन-दोन बोटांवर ओळी घातल्या तर सगळी शिलाई तीस-बत्तीस मीटरच्या आसपास होते, हात बसतो, आणि चुका झाल्या तरी त्या तेवढ्याशा कापडावर होतात. दुपटे तान्ह्या बाळासाठी असेल तर त्यावर मणी, टिकल्या, गोंडे लावू नयेत आणि दोऱ्याचे टोक कुठे लोंबत ठेवू नये.

सुई, दोरा आणि बोट

दुकानात ‘गोधडी शिवायची सुई’ म्हणून मागितले की लांब, मोठ्या नेढ्याची सुई देतात. दाभण घेऊ नये. ते पोती शिवण्याचे हत्यार आहे आणि जुन्या साडीत ते भोके पाडते. क्रमांक पाहून घ्यायची असेल तर लक्षात ठेवावे की हातशिलाईच्या सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी ती बारीक असते, आणि मशीनच्या सुईचे नेमके उलटे. सुरुवातीला मध्यम जाडीच्या दोन-तीन सुया पुरतात, कारण एखादी वाकते आणि एखादी हरवते. हरवलेली सुई गोधडीतच नाही ना, हे पाहिल्याशिवाय मात्र त्या दिवशी उठू नये.

दोऱ्याचा हिशेबही शिवायला बसण्याआधी करावा. 124 मीटर ओळींना, दोऱ्याचे वरखाली जाणे आणि टोके धरून, सुमारे 150 मीटर दोरा लागतो. दुहेरी दोऱ्याने शिवले तर 300 मीटर. रिळावर लांबी छापलेली असते, ती वाचून एकाच रंगाची पुरेशी रिळे एकदम घ्यावीत, कारण नंतर तीच छटा मिळेलच असे नाही. जुन्या सुती कापडाला सुती दोरा मानवतो. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाही हे खरे, पण माझ्या मोरपंखी साडीला नडला तो नेमका हाच गुण. भरतकामाच्या लडी दिसायला छान असल्या तरी एका लडीत साधारण आठ मीटरच दोरा असतो, तेव्हा पूर्ण गोधडीला त्या महाग पडतात. मधल्या चौकटीपुरत्या चार ओळी त्यांनी घातल्या तर हौसही भागते.

दोरा हातभराहून लांब ओवू नये. लांब दोऱ्याने ओवण्याचा वेळ वाचतो असे वाटते, पण तो पिळतो, गुंततो आणि शेवटी तोडावाच लागतो. ओवल्यावर मेणबत्तीच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला की सरळ चालतो. मधल्या बोटाला अंगुस्ताना घालावा. तो नसेल तर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळली तरी काम भागते.

थर अंथरणे आणि टाचणे

या टप्प्याला लोक घाई करतात. फरशी पुसून कोरडी करावी, खालचा थर उलटी बाजू वर करून अंथरावा, आणि तो मधून कडांकडे हाताने सारखा करावा. ताणून नव्हे, नुसता सारखा करावा. ताणलेले कापड सोडले की आक्रसते. चार कोपऱ्यांवर तांब्या, खलबत्ता, पाट असे काहीतरी वजन ठेवावे. त्यावर मधला थर, त्यावर सुलटी बाजू वर करून तिसरा. सुरकुती हटत नसेल तर हातावर पाणी घेऊन किंचित शिंपडावे आणि तळहाताने निपटावे. मुंबईसाठी किंवा कोकणासाठी तीन थर पुष्कळ झाले. नाशिककडच्या थंडीला पाच घालता येतात, पण पहिल्या गोधडीला पाचांचा हट्ट धरू नये.

मग एक वीतभर अंतरावर मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर टाचावेत. मध्यापासून सुरुवात करून आधी उभी रेघ, मग आडवी, मग तिरप्या, अशा क्रमाने बाहेर जावे. कच्च्या टाक्यांना वेगळ्या, डोळ्यांत भरणाऱ्या रंगाचा दोरा घ्यावा, म्हणजे नंतर काढताना शोधावे लागत नाही. टाचण्यात दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्याव्यात. टाचून झाल्यावर गोधडी उलटी करून खालचा थर पाहावा. तिथे चुणी दिसली तर तेवढाच भाग उसवून पुन्हा टाचावा.

वरचा थर रंगीबेरंगी तुकड्यांचा हवा असेल तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चौकोन कापून एकमेकांना शिवत जाणे. त्यात प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी पाव इंच शिवण सोडावी लागते, आणि हे पाव इंच कापड कसे खातात ते पाहण्यासारखे आहे: 6 इंचांचा चौकोन मिळवायला साडेसहा इंचांचा कापावा लागतो, म्हणजे सुमारे 17 टक्के कापड जास्त, तर 3 इंचांच्या चौकोनाला साडेतीन इंचांचा, म्हणजे 36 टक्के जास्त. लहान तुकडे काटकसरीचे असतात हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. दुसरा मार्ग आपल्याकडचा जुना. तिन्ही थर अंथरून टाचल्यावर ठिगळांच्या कडा आत दुमडून ती वरच्या थरावर हवी तशी मांडावीत, कच्च्या टाक्यांनी अडकवावीत, आणि गोधडीच्या ओळी घालताना त्यांच्या कडा त्याच टाक्यांत पकडत जावे. तुकडे एका मापाचे लागत नाहीत, वेगळी शिवण लागत नाही, आणि एखाद्या विरलेल्या जागेवर नेमके ठिगळ आले की ती जागा झाकलीही जाते. कमी खर्चात करायचे असेल तर मी हाच मार्ग सुचवीन.

ओळी घालणे

आधी कडा बंद करून घ्याव्यात. गोट लावायचा नसेल तर वरच्या व खालच्या थराच्या कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडून, मधला थर त्यांच्या आत घेऊन, कडेलगत पहिली ओळ घालावी. तिथून एक इंच आत दुसरी, मग तिसरी, असे चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यावे. 58 बाय 84 च्या गोधडीत हे चौकटीत चौकट असे आत जात शेवटी मधोमध 26 इंचांची एक सरळ रेघ उरते. ओळी सरळ येत नसतील तर झिजून पातळ झालेल्या साबणाच्या वडीने रेघ आखावी. ती पहिल्या धुण्यात निघून जाते.

बसताना गोधडीचा भार मांडीवर न घेता जमिनीवर राहू द्यावा. डावा हात खाली, उजव्या हातात सुई. सुईचे टोक खालच्या बोटाला किंचित टोचले की टाका सगळ्या थरांतून गेला असे समजावे आणि लगेच वर घ्यावे. चार-पाच टाके सुईवर भरून मग एकदम दोरा ओढावा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, वर जेवढा दिसतो तेवढाच खाली दडावा. तो अगदी सारखा पडला नाही तरी चालते. सैल पडता कामा नये, कारण सैल टाक्यात पायाचे बोट अडकते आणि अख्खी ओळ ओढली जाते. गाठ कधीही वर ठेवू नये. ती दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यावी, आणि दोरा संपत आला की एक टाका मागे घेऊन टोक आत लपवावे.

कडेकडून मध्याकडे येण्याच्या या पद्धतीत एक धोका आहे. वरचे कापड प्रत्येक ओळीबरोबर थोडे थोडे आत सरकते आणि शेवटी मध्यभागी त्याचा फुगा येतो. टाचणी नीट झाली असेल तर फुगा येत नाही किंवा नगण्य येतो. चार-पाच फेऱ्यांनंतर तळहात फिरवून पाहण्याची सवय ठेवावी. कापड ढिले लागले तर लगेच शेवटची ओळ उसवून पुन्हा घालावी, कारण एक ओळ उसवायला पंधरा मिनिटे लागतात, दहा ओळी उसवायला मात्र मन होत नाही. अगदी मध्याशी आल्यावर ढिलेपणा लक्षात आला तर त्याची बारीक चुणी करून ती ओळीखाली दाबून टाकावी. ती दिसते, पण टिकते.

गोट लावायचा असेल तर कडा न दुमडता, कापून ठेवलेल्या काठांच्या पट्ट्या सर्व ओळी झाल्यावर लावाव्यात. तोवर कडा उसवू नयेत म्हणून तेथे कच्च्या टाक्यांची एक ओळ असू द्यावी.

काम पूर्ण झाल्यावर कच्चे टाके काढावेत आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवून एखादी सुई किंवा टाचणी राहिली नाही याची खात्री करावी. पहिले धुणे एकटीचेच, थंड पाण्यात आणि हलक्या साबणात करावे. दोन साड्यांची गोधडी कोरडी असताना किलोभराच्या आसपास असते, पण ओली झाली की दुपटीहून जड होते. ती पिळू नये, बादलीच्या कडेवर घालून पाणी निथळू द्यावे. एका दोरीवर टाकली तर मधोमध ताण येतो, म्हणून हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवावी. वाळल्यावर एकदा उजेडात धरून ओळी तपासाव्यात, आणि कुठे सुटलेला टाका दिसलाच तर त्याच दिवशी, त्याच रंगाचे रीळ हाताशी आहे तोवर, तो घालून टाकावा.